परके गुडघे

'आपलं की परकं' या अ‍ॅपने जी वस्तू परकी ठरवली, ती दुसऱ्या दिवशी उजाडताच उठून आपल्या देशाकडे चालू लागत असे, आणि ही सोय कामाच्या यादीत कुणीही मागितलेली नव्हती.

यादी पद्मजा चौगुलेच्या हातची होती. ती मिरजेत राहायची आणि सांगलीला उपाध्ये सरांच्या कंपनीत मोबाइलची अ‍ॅप बनवायची. कंपनी म्हणजे एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि सहा माणसं. दसऱ्याच्या दहा दिवस आधी ग्राहक जागृती मंडळाचं काम आलं. गिऱ्हाइकाने दुकानातल्या वस्तूवरच्या काळ्या रेघांसमोर मोबाइल धरायचा. वस्तू आपल्या देशात बनलेली असेल तर हिरवी पाटी, नसेल तर लाल. दसऱ्याला मंडळाचं प्रदर्शन होतं आणि त्यात पहिलं बटण दाबायला कुणी तरी मोठा माणूस येणार होता.

"नऊ दिवस," उपाध्ये सर म्हणाले.

"सर, हे दोन महिन्यांचं काम आहे."

"म्हणून तर तुला सांगतोय."

पद्मजाने कामाची चोवीस ओळींची यादी केली आणि त्यातल्या दहा ओळी खोडल्या. सतरावी ओळ होती, 'चुकीचा निकाल परत फिरवणे'. ती खोडताना तिचा हात जरा थांबला. पण निकाल चुकले तर लोक फार तर शिव्या देतील, असं तिला वाटलं. शिव्यांची तिला सवय होती. पुढच्या आवृत्तीत करू, असं तिने समासात लिहिलं आणि कामाला लागली. नवव्या दिवशी संध्याकाळी अ‍ॅप तयार झालं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गणपती पेठेतल्या एका दुकानातून अकरा विजेऱ्या, चार इस्त्र्या आणि एक मिक्सर पायरी उतरून रस्त्याला लागले. त्यांना पाय फुटले नव्हते. वस्तू जशी असते तशीच, पण चाललेली. दुकानदाराने मिक्सर आत आणून ठेवला, तो परत बाहेर आला. साखळीने बांधला, तर कपाटासकट निघाला. आठवडाभरात लोकांना सवय झाली. वस्तू सूर्योदयाला निघत, सूर्यास्ताला जिथे असतील तिथे थांबत आणि डाव्या बाजूने चालत. वाहतूक पोलिसांची तक्रार नव्हती. उलट चौकातल्या हवालदाराने वर्तमानपत्राला सांगितलं की वस्तू सिग्नल पाळतात, माणसांनी शिकावं.

उपाध्ये सरांनी पद्मजाला आत बोलावलं.

"हे तू घातलंस?"

"नाही सर. मी सगळं दोनदा तपासलं. असलं काही कोडमध्ये नाही."

"मग काढून टाक."

"जे घातलंच नाही ते काढायचं कुठून?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. खालून एक कपडे धुण्याचं यंत्र पुष्पराज चौकाकडे चाललं होतं. तेवढ्यात मंडळाचा फोन आला. मंडळ अतिशय खूश होतं. सरांनी फोन ठेवला आणि बिलाच्या खाली 'अतिरिक्त सुविधा' अशी ओळ लिहायला सांगितली.

पुढच्या महिन्यात तक्रारी आल्या. पंख्यावर नाव इथलं असतं, पण आतली मोटर तिकडची. असला पंखा हिरवी पाटी घेऊन छताला निवांत फिरतो, हे बरोबर नाही, असं व्यापाऱ्यांचं म्हणणं पडलं. वस्तूचा भाग न् भाग वेगळा तपासावा, अशी मागणी आली. मुदत तीन दिवस.

"सर, तीन दिवसांत एकच काम होईल," पद्मजा म्हणाली. "मला ती परत फिरवण्याची सोय करायची होती. परवा एक आजोबा आले होते. हातात नुसती चष्म्याची डबी. चष्मा पहाटेच गेला म्हणाले."

"त्यांना अर्ज करायला सांगितलंस ना?"

"सांगितलं. पण त्यांना अर्ज दिसत नव्हता."

"सुट्या भागांचं आधी कर," सर म्हणाले. "ते मागितलंय. दुसरं कुणी मागितलेलं नाही."

पद्मजाने ते तीन दिवसांत केलं. चौथ्या दिवसापासून पंख्यांच्या मोटरी, बुटांचे तळवे आणि घड्याळांचे काटे रस्त्याला लागले. काटे फार सावकाश चालत.

पद्मजाची आई सुमतीबाई हिला लेकीचा अभिमान होता, पण तो ती बोलून दाखवत नसे. तिने एकतीस वर्षं खादी भांडारात कापडाच्या काउंटरवर उभं राहून काढली होती. अंगाला आयुष्यात दुसरं कापड लावलं नव्हतं. उभं राहून राहून गुडघे गेले, तेव्हा दोन वर्षांपूर्वी मिरजेतच शस्त्रक्रिया करून दोन्ही बदलून घेतले होते. आता ती जिना चढायची, बस्तीत दर्शनाला जायची आणि सकाळी भाजी आणायला एकटीच बाजारात जायची.

शेजारच्या मगदूमकाकूंचा मिक्सर गेला, मग रेडिओ गेला, मग शिवणयंत्राची मोटर गेली. त्या दिवशी काकू ओसरीवर येऊन बसल्या आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्या घरातलं काही जात नाही बघा, सुमतीवहिनी. लेकच करणारी म्हटल्यावर."

काकू गेल्यावर सुमतीबाईने मोबाइल घेतला आणि घरातली एकेक वस्तू तपासायला घेतली. कुकर, शेगडी, दिव्याचे बल्ब, औषधांच्या गोळ्या, पद्मजाच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर. जे लाल निघालं ते एका बाजूला मांडलं. मग कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात शस्त्रक्रियेची फाइल होती आणि फाइलच्या शेवटच्या पानावर दवाखान्याने दोन चिकटपट्ट्या लावून दिल्या होत्या, एक डाव्या गुडघ्याची, एक उजव्या.

संध्याकाळी पद्मजा घरी आली तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

"मी सगळं तपासलं आज," ती म्हणाली. "कुकर आपला आहे. शिट्टी परकी."

"बरं."

"कॉम्प्युटर जाईल तुझा."

"जाऊ दे."

"आणि गुडघे."

पद्मजाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "कुणाचे गुडघे?"

"माझेच की. दोन्ही परके. लाल पाटी आली."

"आई, तू ते कशाला तपासलंस?"

"मग काय करू? मगदूमवहिनींचा मिक्सर गेला आणि माझे गुडघे तेवढे राहिले, हे बरं दिसतं का? त्यातही तू करणारी."

त्या रात्री पद्मजाने माहितीसाठ्यात शिरून गुडघ्यांची ओळ बदलली. फाइलवरच्या पट्ट्यांसमोर पुन्हा मोबाइल धरला. हिरवी पाटी आली. तरीही तिला माहीत होतं की निकाल एकदाच लागतो. दुसऱ्यांदा लागलेला निकाल वस्तू ऐकत नाहीत. तो ऐकवण्याची सोय तिने खोडलेल्या सतराव्या ओळीत होती.

सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी सुमतीबाई चहा पिताना उठून उभी राहिली. कप खाली ठेवायलाही गुडघ्यांनी वेळ दिला नाही. तो तिने चालता चालता देवळीत ठेवला. पद्मजाने तिला खांद्याला धरलं.

"ओढू नकोस गं, मांडीतून कळ येते," आई म्हणाली. "मी निघाले नाही. ते निघालेत."

पद्मजाने शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. सकाळपासूनचा हा त्यांचा पाचवा फोन होता. अडवू नका, म्हणाले, स्नायू फाटतील. काढून इथले बसवायचे तर इथले बनवणारा कारखाना एकच आहे, आणि त्याची यंत्रं गेल्या मंगळवारी निघून गेलीत.

फाटकाबाहेर आई डावीकडे वळली. पद्मजाने धावत जाऊन तिच्या खांद्यावर शाल टाकली, पिशवीत डबा आणि औषधं दिली, पायात चपला घातल्या. मगदूमकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पद्मजाकडे न बघता आत गेल्या.

मंडळाचं कार्यालय साडेदहाला उघडलं. चिटणीस गोडखिंडी हे साधे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. ते फक्त अर्ज पुढे करायचे.

"वस्तू?" त्यांनी पेन उघडलं.

"गुडघे. दोन."

"चालू स्थितीत आहेत?"

"चालू आहेत. आत्ता सांगली ओलांडली असेल."

"वापर किती वर्षं?"

"दोन. साहेब, ते दोन वर्षं मिरजेत चाललेत. बाजारात गेलेत, बस्तीत गेलेत. दोन वर्षांत ते इथले झाले नाहीत का?"

गोडखिंडींनी पेन खाली ठेवलं. त्यांना तिचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा वाटला असावा.

"वापराने आपलेपण येत नाही, मॅडम," ते म्हणाले. "वापराने आलं असतं तर काहीच परकं राहिलं नसतं."

"पण माझी आई आपली आहे. ती मिरजेला जन्मली. तिच्या सगळ्या शरीरात गुडघे किती, शंभरातले दोन भाग. वस्तू अख्खी धरली तर हिरवी येईल."

"अख्खी धरायची पद्धत पहिल्या आवृत्तीत होती. आता सुटे भाग धरतात. ते काम आपल्याच हातचं आहे ना? फार चांगलं झालंय. मी बैठकीत तसं बोललोही."



"तुमच्या मातोश्रींना कुणी जायला सांगितलेलं नाही," गोडखिंडी पुढे म्हणाले. "जाणार गुडघे. त्यांच्या बाहेर जे काही आहे, ते नियमाप्रमाणे वेष्टन. वस्तू वेष्टनासह जाते. बिस्किटाच्या डब्यापासून तसंच चालत आलंय."

त्यांनी अर्जात 'वेष्टनाचा प्रकार' या रकान्यात 'स्त्री, वय एकाहत्तर' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पोच दिली.

पद्मजाने दुपारी स्कूटर काढली. सांगलीपुढे पेठ नाक्याच्या रस्त्याला तिला आई दिसली. पुढे चाकांची एक मोठी बॅग, मागे केस वाळवायची दोन यंत्रं आणि मध्ये सुमतीबाई, डोक्यावरून शाल घेतलेली. तिच्या बरोबरीने एक निवृत्त पोस्टमास्तर चालले होते. त्यांच्या हृदयात झडप होती. झडपेचा वेग कमी असल्याने ते मागे पडत, मग गुडघे चढावर मंदावले की पुन्हा गाठत.

पद्मजा अगदी हळू स्कूटर हाकत आईच्या शेजारून जाऊ लागली.

"जेवलीस का?" आईने विचारलं.

"तू?"

"चालता चालता खाल्लं. पोस्टमास्तरांना एक भाकरी दिली. तुझ्या गाडीचं तोंड त्या बॅगेला लागेल, जरा बाजूने घे."

उसाच्या ट्रॉल्या शेजारून जात होत्या.

"किती दिवस लागले म्हणालीस तुला ते करायला?" आईने विचारलं.

"नऊ. नंतर तीन."

"त्यांनी तीन दिवसांत मागितलं आणि तू दिलंस."

"हो."

"आमच्याकडे एखादं ठाण संपलं तर दुसरं यायला महिना लागायचा. आम्ही सांगायचो, महिन्याने या. गिऱ्हाईक यायचं महिन्याने."

"आता थांबत नाही कुणी, आई."

"थांबत नाही की थांबा म्हणत नाही कुणी?"

सुमतीबाईने उत्तराची वाट पाहिली नाही, कारण पुढे उतार होता आणि गुडघ्यांनी वेग घेतला.

पुढचे पाच दिवस असेच गेले. सूर्य मावळला की गुडघे थांबत, आणि आई जिथे असेल तिथल्या देवळात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा कुणाच्या तरी ओसरीवर टेकत असे. लोक चांगले होते. वाटेतल्या गावांनी आता परक्या वस्तूंसोबत येणाऱ्या वेष्टनांसाठी पाण्याचे रांजण भरून ठेवले होते. पद्मजा दिवसभर पुढच्या गावातल्या चहाच्या टपरीवर बसून ऑफिसच्या लॅपटॉपवर काम करी. त्याचेही बरेचसे भाग निघून गेले होते, पण जे उरले होते त्यावर लिहिता येत होतं. ती सतरावी ओळ लिहीत होती. ती एकेक गाठ सोडवत गेली आणि पाटणला पोचेपर्यंत परत फिरवण्याची सोय तयार झाली. एक बटण. ते दाबलं की निकाल फिरणार होता आणि वस्तू जिथे असेल तिथून मागे वळणार होती.

तिने उपाध्ये सरांना फोन केला.

"छान," सर म्हणाले. "पण एकट्या तेवढ्यासाठी नवी आवृत्ती सोडायला मंडळ परवानगी देणार नाही. त्यांना शुक्रवारपर्यंत निर्यातीचा आकडा हवाय. देशातल्या किती वस्तू समुद्र ओलांडून गेल्या, तो आकडा अ‍ॅपच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत. तू ते करून दे. त्याच्या पोटात तुझं बटण सोडून देऊ."

"सर, आई परवा घाट उतरेल."

"म्हणून म्हणतो, लवकर कर. आणि गोडखिंडींचं एक म्हणणं आहे. बटण कुणीही दाबून चालणार नाही. आधी मंडळाची मंजुरी लागेल असं काही तरी घाल."

पद्मजाने दीड दिवसात तेही केलं. आकडा कसा मोजायचा, याचं मंडळाने पाठवलेलं पत्र तिने एकदाच वाचलं. 'समुद्र ओलांडणारी प्रत्येक देशी वस्तू, वेष्टनासह, एक नग धरावी', असं त्यात होतं. त्यावर विचार करायला बसली असती तर सुमतीबाई कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या पलीकडे गेली असती. मंजुरीची पायरी मात्र तिने जपून लिहिली, कारण ती चुकली तर सगळंच अडकलं असतं. तिने त्या अ‍ॅपसाठी जेवढं लिहिलं होतं, त्यात एकही चूक नसलेला असा तो एकच भाग होता.

शुक्रवारी सकाळी नवी आवृत्ती आली. त्याच सकाळी सुमतीबाई बंदरावर पोचली.

बंदरावर शिस्त होती. मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये दोऱ्या बांधून देशवार रांगा केल्या होत्या. वस्तू समुद्रावरून चालू शकत नसल्याने त्या कडेला येऊन उभ्या राहत आणि जहाज लागलं की आपल्या आपण चढत. गुडघ्यांच्या देशाची रांग वायव्य कोपऱ्यात होती. तीत तीस-एक माणसं उभी होती. कुणाचा खुबा, कुणाच्या डोळ्यातलं भिंग, कुणाचे दात.

पद्मजाने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, 'मंजुरीच्या प्रतीक्षेत'. तिने गोडखिंडींना फोन लावला.

"अर्ज दिसतोय मॅडम, समोरच आहे," ते म्हणाले. "पण अडचण अशी झालीय की मातोश्री आत्ताच निर्यातीत धरल्या गेल्यात."

"त्या अजून जहाजात चढलेल्याही नाहीत."

"बंदराच्या फाटकातून आत आल्या की आकड्यात येतात. तसंच केलंय आपण. देशी वेष्टन, एक नग. आजचा आकडा सहाशे चौदा आहे. परत फिरवल्या तर सहाशे तेरा होईल."

"होऊ दे."

"आकडा खाली जाण्याची सोय यादीत नाही, मॅडम. मी विचारलं होतं उपाध्येंना. ते म्हणाले, मागितली नव्हती म्हणून केली नाही."

ते खरं होतं. आकडा फक्त वाढत जाईल, असंच तिने लिहिलं होतं.

"किती दिवस लागतील करायला?" गोडखिंडींनी आपुलकीने विचारलं.

"तीन."

"जहाज बाराला आहे," ते म्हणाले. "तरी तुम्ही अर्ज करून ठेवा."

पद्मजा दोरीपाशी गेली. बंदरावरचा कारकून चिकटपट्ट्यांचा गठ्ठा घेऊन रांगेतून फिरत होता. सुमतीबाईपाशी येऊन तो थांबला आणि तिच्या पदराला पट्टी लावू लागला.

"कापडाला नको रे बाबा, डिंक निघत नाही त्याचा," ती म्हणाली आणि हात पुढे केला. त्याने मनगटावर पट्टी लावली. 'देशी वेष्टन. दर्जा उत्तम.'

"झालं का तुझं?" आईने पद्मजाला विचारलं.

"नाही झालं."

"किती राहिलंय?"

"तीन दिवसांचं."

सुमतीबाईने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर पद्मजाला सोपं गेलं असतं.

"आई, मी घाई केली."

"तू घाई केलीस, मी तपासलं, त्यांनी मोजलं. आता कुणाकुणाला धरशील." तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "थंडी फार असते म्हणतात तिकडे. ही शाल पुरेल का?"

"पुरणार नाही," पद्मजा म्हणाली. तिने अंगातला स्वेटर काढून दिला. कारकुनाने स्वेटर उलटा करून तपासला, हिरवी पाटी पाहिली आणि आकडा सहाशे पंधरा केला. मग एक कागद पुढे केला. 'पाठवणार' या शब्दापुढे सही हवी होती. दुसरं कुणी नसल्याने पद्मजाने केली.

बाराला रांग हलली. गुडघे फळीवरून भराभर चढले. सुमतीबाईला मागे वळून बघायचं होतं, पण कमरेच्या वरचंच शरीर वळलं आणि तेही पुरतं नाही. पोस्टमास्तर झडपेमुळे मागे राहिले होते. त्यांनी तिच्या वतीने हात हलवला.

पद्मजा परत निघाली तेव्हा रस्त्याची दुसरी बाजूही वाहू लागली होती. टपरीवाल्याने तिला सांगितलं की तिकडच्या देशांनीही आता अशीच अ‍ॅप काढलीत, कुणी आठ दिवसांत, कुणी सहा. त्यामुळे आपलं तिकडे गेलेलं परत येतंय. लोणच्याच्या बरण्या येत होत्या, सतरंज्या येत होत्या, पितळी समया येत होत्या. सगळं डाव्या बाजूने, मिरज-सांगलीच्या दिशेने.

घाटाच्या चढावर तिला एक सतार दिसली. भोपळ्याला तडा गेला होता आणि दोन तारा तुटून मागे फरफटत होत्या. चढाला ती सारखी मागे घसरत होती. पद्मजाने स्कूटर थांबवली. तिने आठ दिवसांत एकाही वस्तूला हात लावला नव्हता. सतार उचलून तिने मागच्या सीटवर उभी केली, ओढणीने स्वतःच्या कमरेला बांधली आणि घाट चढली. वाटेत ती दोनदा चहाला थांबली आणि दोन्ही वेळा सतार शेजारच्या बाकड्यावर ठेवली.

मिरजेत सतारमेकर गल्लीत दिवेलागणीला पोचली तर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानांच्या पायऱ्यांवर, गटाराच्या फरशीवर, दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवर सतारी आणि तंबोरे उभे होते. हारूणचाचा नावाचे म्हातारे कारागीर दारात बसून एकेकीला आत घेत होते. त्यांनी पद्मजाच्या सतारीच्या गळ्यावरून अंगठा फिरवला.

"ही माझ्या वडिलांच्या हातची," ते म्हणाले. "हिच्यासाठी चार महिने मी भोपळा घासत बसलो होतो. परदेशी बाई घेऊन गेल्या होत्या. फार जीव होता त्यांचा."

"दुरुस्त होईल का?"

"होईल. वेळ लागेल." त्यांनी गल्लीकडे पाहिलं. "पण ठेवू कुठे, बाई? पावसाळा नसला तरी दव पडतं, लाकूड फुगतं. इथे ज्याला सतार हवी त्याच्याकडे ती आहेच. तुमच्याकडे घरी जागा असेल तर चार-पाच घेऊन जाता का?"



"आहे," ती म्हणाली. "एक खोली आहे."

मग तिने रिक्षा बोलावली.